नदीचं निम्मं पाणी कधी येऊन जातं?

भूगोलाच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा: "नववीच्या वर्गात हवामान बदल शिकवत होते. एका मुलाने विचारलं, बाई, तापमान वाढलं की समुद्राची वाफ जास्त होणार, वाफ जास्त म्हणजे पाऊस जास्त, मग नद्या आटणार असं का म्हणतात? आणि पूरही वाढणार, दुष्काळही वाढणार, हे दोन्ही खरं कसं? मला त्याला नीट सांगता आलं नाही. जगातल्या नद्यांचं नेमकं काय होणार आहे?"

बाई, त्या मुलाला आधी शाबासकी द्या. वाफेपर्यंतचा त्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. पण जगाचा एकूण पाऊस त्या मापाने वाढत नाही, अंशामागे १ ते ३ टक्केच वाढतो. म्हणजे हवेचं भांडं मोठं झालं, पण ते भरायला वेळ जास्त लागायला लागला. भांडं रिकामं असतं तोवर हवा तहानलेली असते आणि जमिनीतली, पानांतली, तळ्यांतली ओल ओढून घेते. भरतं तेव्हा एकदम ओततं. त्यामुळे दोन पावसांमधली उघडीप लांबते आणि पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. पूर आणि दुष्काळ दोन्ही याच एका भांड्यातून येतात.

आता पुढची पायरी, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. पाऊस म्हणजे नदी नव्हे. माती, झाडं आणि ऊन यांनी आपापला वाटा घेतल्यावर जे शिल्लक राहतं ते नदीत येतं. फळ्यावर मांडून दाखवा: एका पाणलोटात वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातले ७०० वाफेवाटे परत जातात, ३०० नदीला मिळतात. आता पाऊस १० टक्क्यांनी घटून ९०० झाला. झाडं आणि माती आपला वाटा तितकासा कमी करत नाहीत, समजा ६७० घेतात. नदीला उरले २३०. पाऊस १० टक्के घटला, नदी २३ टक्के घटली. आणि पाऊस तसाच राहून उष्णतेमुळे नुसतं बाष्पीभवन ३ टक्क्यांनी वाढलं, तर ७०० चे ७२१ होतात आणि नदीचे ३०० चे २७९. आकाशातून एक थेंब कमी न होता नदीचं ७ टक्के पाणी गेलं. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाण खरं आहे. कोरड्या प्रदेशात पावसातली एक टक्का घट नदीत दोन ते साडेतीन टक्क्यांची घट होऊन उतरते.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराने हे भोगलं आहे. तिथला पाऊस १९७० च्या दशकाच्या मध्यापासून साधारण १५ ते २० टक्क्यांनी घटला. शहराच्या धरणांतला येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, मात्र आधी निम्म्यावर आला आणि २००० नंतर निम्म्याहूनही बराच खाली गेला. पाऊस कमी झाला तशी भूजलाची पातळी खाली गेली, आणि पूर्वी जे पाणी झिरपत झिरपत ओढ्यात यायचं ते खालीच मुरायला लागलं. २००६ मध्ये त्या शहराला समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना उभारावा लागला.

मी तीस वर्षं नद्यांचे विसर्ग, म्हणजे ठरावीक वेळात किती पाणी वाहून जातं ते मोजण्यात आणि धरणांच्या येव्याचे हिशेब करण्यात घालवली. 'पाणी कमी होणार की जास्त' हा प्रश्न मला मंत्र्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. त्याचं उत्तर आहे, ते देतोही. पण त्याने काम भागत नाही. मी वर्षाच्या बेरजेआधी एक तारीख बघतो: वर्षभराच्या पाण्यातलं निम्मं पाणी नदीतून वाहून गेलं तो दिवस. नदीचा स्वभाव बदलतोय का, हे पुष्कळदा त्या तारखेत आधी दिसतं आणि बेरजेत नंतर.

आधी तरीही बेरीज सांगतो. २००५ मध्ये अमेरिकेतले जलशास्त्रज्ञ क्रिस मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक हवामान प्रारूपं (संगणकावरची मॉडेल्स) एकत्र तपासली. या शतकाच्या मध्यापर्यंत पूर्व आफ्रिकेचा विषुववृत्तीय भाग, दक्षिण अमेरिकेतलं ला प्लाता खोरं, कॅनडा आणि सायबेरियाचा उत्तर भाग इथे नद्यांचं पाणी १० ते ४० टक्क्यांनी वाढेल, आणि दक्षिण युरोप, मध्यपूर्व, आफ्रिकेचा दक्षिण भाग आणि अमेरिकेचा पश्चिम भाग इथे १० ते ३० टक्क्यांनी घटेल, असं त्यात दिसलं. नकाशावर बघितलं तर भूमध्य समुद्राच्या आसपासचा आणि त्याच अक्षांशांवरचा पट्टा कोरडा होतो, अगदी उत्तरेकडचा ओला. सायबेरियाच्या बाबतीत तर भविष्याची वाटही बघावी लागली नाही. येनिसेई, लेना, ओब यांच्यासह आर्क्टिकला मिळणाऱ्या सहा मोठ्या नद्यांचा विसर्ग १९३६ ते १९९९ या काळात ७ टक्क्यांनी वाढल्याचं मोजमापांतूनच निघालं. २०२१ मध्ये जगभरातल्या ७,२५० मापन केंद्रांच्या १९७१ ते २०१० च्या नोंदी तपासून असं दाखवलं गेलं, की काही भाग सुकणं आणि काही भाग ओले होणं हा जो जागतिक आराखडा दिसतो, तो माणसाने केलेला हवामान बदल धरल्याशिवाय जुळत नाही.

इतकं सांगून बेरीज बाजूला ठेवतो आणि एका नदीपाशी थांबतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातली कोलोरॅडो. हिचा हिशेब जगात सगळ्यात बारकाईने ठेवला गेला आहे आणि तो चुकलाही सगळ्यात महागात.

१९२२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे सात राज्यांचे प्रतिनिधी बसले. अध्यक्ष होते हर्बर्ट हूवर, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते. त्यांनी नदी वाटून घेतली: वरच्या खोऱ्याला ७५ लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्याला ७५ लाख एकर-फूट. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). पुढे १९४४ च्या कराराने मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट, म्हणजे ६५ टीएमसी द्यायचं ठरलं. हे सगळं बसेल असं त्यांना वाटलं, कारण हाताशी असलेल्या नोंदींप्रमाणे नदीत दरवर्षी ७०० टीएमसीहून जास्त पाणी येत होतं. त्या नोंदी थोड्या वर्षांच्या होत्या आणि ती वर्षं विलक्षण ओली होती. पाणी इतकं नाही असं सांगणारा माणूसही तेव्हा होता. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले ई. सी. लारू यांनी त्याच दशकात आपले आकडे मांडले होते. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. १९७६ मध्ये झाडांच्या खोडांतली वलयं मोजून मागच्या काही शतकांचा प्रवाह काढला गेला, तेव्हा दीर्घकाळाची सरासरी ५९० टीएमसीच्या आसपास निघाली.

म्हणजे हवामान बदलाआधीच नदी कागदावर जास्त वाटली गेली होती. त्यावर ऊन चढलं. विसाव्या शतकाची सरासरी साधारण ६६० टीएमसी होती, २००० नंतरची ५४० च्या आसपास आहे. मधला फरक १२० टीएमसी. आपलं कोयना धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी पाणी मावतं. दरवर्षी एक भरलेली कोयना, वर थोडं जास्तच, त्या नदीतून नाहीशी झाली आहे. पाऊस आणि बर्फ कमी पडला हे त्यामागचं एक कारण. पण जवळपास एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त घट निव्वळ उष्णतेने झाली आहे, असं ब्रॅड उडाल आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी २०१७ मध्ये दाखवलं.

उष्णता हे कशी करते ते जवळून बघण्यासारखं आहे. कोलोरॅडोचं बरंचसं पाणी रॉकी पर्वतातल्या बर्फाचं. हिवाळ्यात बर्फ साठतो, एप्रिलपासून वितळायला लागतो. पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो. बर्फाची चादर दोन आठवडे आधी गेली, की खालची काळी जमीन तेच ऊन दोन आठवडे जास्त पीत बसते. जमीन तापते, तिच्यातली ओल उडते, झाडं लवकर जागी होऊन पाणी प्यायला लागतात. नदीपर्यंत पोचायच्या आत पाणी संपतं. मिली आणि डन यांच्या २०२० च्या हिशेबाप्रमाणे, एका अंशाच्या तापमानवाढीमागे या नदीचं सुमारे ९ टक्के पाणी जातं.

२०२१ च्या उन्हाळ्यात याचं एक रूप बघायला मिळालं. त्या वर्षी डोंगरातला बर्फ सरासरीपेक्षा थोडाच कमी होता, दहा टक्क्यांच्या आसपास. जुन्या पद्धतीने अंदाज बांधणाऱ्याने नदीही तितकीच कमी वाहील असं सांगितलं असतं. प्रत्यक्षात एप्रिल ते जुलै या महत्त्वाच्या महिन्यांत कोलोरॅडोवरच्या पॉवेल जलाशयात आलेला येवा सरासरीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढा होता. आदल्या वर्षीचा उन्हाळी पाऊस चुकला होता, शरद ऋतू तापलेला होता, माती आतपर्यंत वाळली होती. बर्फ वितळला आणि मातीने पिऊन टाकला. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने खालच्या खोऱ्यासाठी इतिहासातली पहिली टंचाई जाहीर केली, आणि पुढच्या जुलैत हूवर धरणामागचं मीड सरोवर १९३७ नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीवर गेलं.

आणि ती तारीख? अमेरिकेच्या पश्चिमेतल्या बर्फाच्या नद्यांमध्ये १९४८ ते २००२ या काळात निम्मं पाणी वाहून जाण्याचा दिवस एक ते चार आठवडे अलीकडे सरकला. वर्षाची बेरीज तीच राहिली असं धरलं तरी हे शेतकऱ्याचं नुकसानच आहे. जुलैत हवं असलेलं पाणी मे महिन्यात येऊन गेलं तर ते साठवायला धरण लागतं, आणि बर्फ हेच तर आजवरचं फुकटचं धरण होतं.

इथून हिमालयाकडे येतो, कारण लोकांच्या मनात सगळ्यात मोठी भीती हिमनद्यांची असते आणि तिच्यात खरं-खोटं मिसळलेलं असतं. "हिमनद्या संपल्या की गंगा आटेल" हे वाक्य मी पुष्कळ व्यासपीठांवरून ऐकलं आहे. ते बरोबर नाही. वरच्या गंगेच्या खोऱ्यात नदीच्या पाण्यातला हिमनद्यांचा वाटा साधारण ११ ते १२ टक्के, साध्या बर्फाचा ९ टक्क्यांच्या आत, आणि जवळपास दोन तृतीयांश पाणी थेट पावसाचं. गंगा मुळात मान्सूनची नदी आहे. सिंधूची गोष्ट वेगळी. वरच्या सिंधू खोऱ्यात सुमारे ४० टक्के पाणी हिमनद्यांचं आणि आणखी २० टक्क्यांहून जास्त बर्फाचं. एकाच पर्वतरांगेतून निघालेल्या दोन नद्या, पण स्वभाव दोन. वर्गात 'हिमालयीन नद्या बारमाही असतात' एवढंच शिकवून पुढे जाऊ नका, हा फरक जरूर सांगा.

हिमनदीच्या पाण्याचा आलेख फसवा असतो. तापमान वाढायला लागलं की ती जास्त वितळते, म्हणून नदीत आधी पाणी वाढतं. गावकरी म्हणतात, पाणी तर वाढलंय, कसला हवामान बदल? मग बर्फाचा साठाच लहान होत जातो, एका वर्षी पाणी कमाल गाठतं, आणि तिथून उतरण लागते. आमच्या विषयात त्याला जलशिखर म्हणता येईल. २०१८ मध्ये जगातली ५६ मोठी हिमनदी-खोरी तपासली गेली, तेव्हा जवळपास निम्म्यांनी हे शिखर ओलांडलेलं होतं. पेरूमधल्या कॉर्डिलेरा ब्लांका पर्वतात सांता नदीला पाणी देणाऱ्या ज्या नऊ उपखोऱ्यांचा अभ्यास झाला, त्यांतली सात कोरड्या ऋतूत उतरणीला लागली होती. उंच हिमालय-काराकोरमची काही खोरी अजून चढणीवर आहेत. म्हणून आज वाढलेल्या पाण्याच्या भरवशावर तिथे नवी लागवड वाढवू नये असं मी कळकळीने सांगतो. ते पाणी म्हणजे मुदत ठेव मोडून आलेले पैसे आहेत.

वेळेचं दुखणं बघायचं तर लडाख बघा. तिथल्या शेतकऱ्याला पेरणीसाठी एप्रिल-मे मध्ये पाणी लागतं. उंचावरची हिमनदी जून-जुलैमध्ये मोकळी होते. वर्षाचं पाणी पुरेसं, पण दोन महिने उशिरा. चेवांग नोरफेल नावाच्या स्थापत्य अभियंत्याने यावर उपाय काढला. हिवाळ्यात ओढ्याचं वाया जाणारं पाणी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर दगडी बांधांमागे पसरवायचं, ते तिथेच गोठवायचं, आणि हा बर्फ खालच्या उंचीवर असल्यामुळे एप्रिलमध्येच वितळून पेरणीला मिळतो. नोरफेल यांनी निम्म्या पाण्याची तारीख हाताने अलीकडे ओढली.

युरोपात ऱ्हाईन नदी हेच वेगळ्या भाषेत सांगते. या नदीवर जर्मनीत काऊब नावाचं एक छोटं गाव आहे आणि तिथली पाणपट्टी, म्हणजे पाण्याची पातळी वाचायची पट्टी, मालवाहू बार्जवाल्यांचा श्वास धरून ठेवते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ती २५ सेंटिमीटरवर आली, २०२२ च्या ऑगस्टमध्ये ३२ च्या आसपास. बातम्यांत "नदी गुडघ्याएवढी राहिली" असं आलं होतं. पाणपट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. काऊबला जहाजांच्या वाटेवरची खोली त्या आकड्यापेक्षा साधारण १.१ मीटर जास्त असते. तरीही भरलेली बार्ज तिथून जाऊ शकत नाही, पाव-तिसरा हिस्सा माल घेऊन जावं लागतं. ऱ्हाईनचं वर्षाचं पाणी फार बदललेलं नाही. आल्प्सचा बर्फ हिवाळ्यात पाऊस होऊन पडायला लागला आहे, म्हणून हिवाळ्यात नदी फुगते आणि उन्हाळ्याच्या शेवटी, जेव्हा बर्फाचं पाणी आधार द्यायचं, तेव्हा हात आखडते.

पुरांबद्दल तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि इथे घाईने बोलणारे चुकतात. मुसळधार पाऊस वाढतोय हे जवळपास सगळीकडे दिसतं. मोठ्या नद्यांचे पूर मात्र सगळीकडे वाढत नाहीत. व्हिएन्नाच्या गुंटर ब्लोश्ल यांच्या गटाने युरोपातल्या पाच दशकांच्या नोंदी तपासल्या. वायव्य युरोपात पूर वाढलेले दिसले, दक्षिण आणि पूर्व युरोपात घटलेले. कारण मातीत आहे. आपल्याकडचा शेतकरी हे न शिकता जाणतो: मृगात पाच इंच पाऊस पडला तरी ओढ्याला पाणी येत नाही, जमीनच पिते. तोच पाऊस ऑगस्टमध्ये पडला तर ओढा बांध फोडतो. तापमानाने माती जिथे जास्त वाळते, तिथे मोठा पाऊसही काही अंशी मुरतो आणि मोठ्या खोऱ्याचा पूर मर्यादित राहतो. छोट्या ओढ्यांना, शहरातल्या नाल्यांना, घाटातल्या तीव्र उताराच्या नद्यांना ही सवलत मिळत नाही. तिथे तासाभराचा पाऊसच पूर ठरवतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी माती आधीच तुडुंब भिजलेली होती, धरणं भरत आलेली होती आणि वरून दिवसामागून दिवस पाऊस कोसळत होता. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. दक्षिण आशियाच्या मान्सूनचा एकूण पाऊस पुढे वाढेल असंच बहुतेक प्रारूपं सांगतात. म्हणजे आपल्या मान्सूनच्या नद्या कोलोरॅडोच्या वाटेने जाणार नाहीत. आपलं संकट ओतण्याचं आणि थांबण्याचं आहे: जूनचे तीन आठवडे कोरडे, मग चार दिवसांत महिन्याचा पाऊस. वर्षाची सरासरी गाठली असं पंचनाम्यात येतं आणि त्याच तालुक्यात दुबार पेरणीही झालेली असते.

अतिरेकाची दोन्ही टोकं एकाच जागी बघायची असतील तर ब्राझीलमधल्या मनाऊस बंदराकडे बघा. ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रोची पातळी तिथे १९०२ पासून रोज नोंदवली जाते. २०२१ च्या जूनमध्ये नदीने ३०.०२ मीटर पातळी गाठली, शंभर वर्षांहून जास्त काळातली सर्वोच्च. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती १२.७० मीटरवर आली, तोवरची नीचांकी. २०२४ मध्ये त्याहूनही खाली गेली. सव्वादोन वर्षांत सतरा मीटरचा फरक, म्हणजे पाच मजली इमारत. ज्यांची घरंच पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर आहेत, त्यांच्यासाठी हे काय असेल ते आकड्यात सांगता येत नाही.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. नदीतलं पाणी कमी झालं की लगेच हवामानाकडे बोट दाखवू नये. चीनची पीत नदी १९९७ मध्ये २२६ दिवस समुद्रापर्यंत पोचली नाही. त्यात मोठा हात होता तो काठावरच्या उपशाचा. धरण, कालवा, ऊस, विंधनविहीर, शहर या सगळ्यांचा हिशेब वजा केल्यावर जे उरतं त्यात हवामान शोधायचं असतं. ते शोधायला लांब आणि प्रामाणिक नोंदी लागतात, आणि त्या कशा होतात हे तुमच्या मुलांना ठाऊक असावं म्हणून थोडं सांगतो.

मी कामाला लागलो तेव्हा पुरात केबलवरच्या पाळण्यातून नदीच्या मधोमध जायचो. खाली वजनाला बांधलेला करंट मीटर, त्याच्या टोकाला फिरणाऱ्या छोट्या वाट्या. प्रत्येक फेऱ्यागणिक कानातल्या यंत्रात टक असा आवाज. एका हातात स्टॉपवॉच, ओठांवर मोजणी. खोलीच्या सहा दशांशावर वेग घ्यायचा, दोन मीटर सरकायचं, पुन्हा. तासभर हे केल्यावर एका पातळीचा एक विसर्ग मिळतो. असे अनेक बिंदू जोडून वक्र काढायचा, आणि मग पाणपट्टीवर नुसती पातळी वाचून विसर्ग सांगता येतो. पण मोठ्या पुराने तळ खरवडला की तो वक्र खोटा होतो. त्याच ६ मीटर पातळीला आता जास्त पाणी वाहतं. पुन्हा मोजलं नाही तर वही वर्षानुवर्षं चुकीचं लिहीत राहते. आमचा एक जुना निरीक्षक पुराच्या रात्री दर तासाला कंदील घेऊन पट्टी वाचायला उतरायचा आणि पट्टी बुडाली की वहीत "पट्टी बुडाली, आकडा नाही" असं लिहायचा. त्याच्या वहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. दुसऱ्या एका केंद्राच्या पाच वर्षांच्या नोंदीत सलग अकरा दिवस एकच आकडा होता. ती पाच वर्षं मी अभ्यासातून काढून टाकली.

आता कराराकडे येतो, कारण नदी बदलली तरी कागद बदलत नाही आणि भांडणं तिथून सुरू होतात. कृष्णेचं पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने तिचं ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी, म्हणजे चार वर्षांतल्या तीन वर्षी मिळेल इतकं पाणी, २०६० टीएमसी धरलं. त्यासाठी १८९४ पासूनच्या ७८ वर्षांची मालिका वापरली होती. २०१० मध्ये दुसऱ्या लवादाने १९६१ नंतरची ४७ वर्षं घेतली, तेव्हा त्याच विश्वासार्हतेला २१७३ टीएमसी आले. नदी तीच, वर्षांची खिडकी वेगळी, फरक ११३ टीएमसी. सांता फेला जे झालं तेच गणित इथेही आहे: कुठली वर्षं धरली त्यावर हक्क ठरतात. मागची वर्षं पुढच्या वर्षांसारखी असतील हे गृहीतक आमच्या सगळ्या सूत्रांच्या पोटात आहे, आणि ते आता टिकत नाही, असं आमच्या व्यवसायातल्या लोकांनी २००८ पासून उघडपणे लिहायला सुरुवात केली.

लाल पूररेषेचंही तसंच. ती शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते, म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर एकदा तरी बघायची शक्यता २६ टक्के होते, हेच लोकांना ठाऊक नसतं. तोच पूर पन्नास वर्षांतून एकदा यायला लागला तर शक्यता ४५ टक्क्यांवर जाते. जुन्या पावसावर आखलेली रेषा नकाशावर तशीच राहते आणि घर मात्र पुराच्या टप्प्यात आलेलं असतं.

वाकणारे करार असतात. अमेरिकेतल्याच रिओ ग्रांदे नदीचा १९३८ चा करार वरच्या केंद्रावर किती पाणी मोजलं गेलं त्यावरून खाली किती सोडायचं हे तक्त्याने ठरवतो. ओल्या वर्षी जास्त, कोरड्या वर्षी कमी. भांडणं तिथेही झाली, पण आकडा दगडावर कोरलेला नाही. आपल्या खोऱ्यांमध्ये टीएमसीचे ठोकळे वाटण्याऐवजी त्या वर्षीच्या येव्याचे हिस्से वाटावेत, असं माझं ठाम मत आहे. धरणांचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो जलाशयावर पावसाचा अंदाज बघून पाणी धरायचं की सोडायचं हे ठरवायची पद्धत तपासून वापरात आणली गेली. ठरावीक तारखेला ठरावीक पातळी हा नियम जुन्या मान्सूनचा आहे. तो बदलायचा तर पाणलोटात वर पाऊस मोजणारी केंद्रं दाट लागतील आणि ती रात्री दोन वाजताही चालू असावी लागतील.

तुमच्या वर्गासाठी एक काम सुचवतो, बाई. जवळच्या एखाद्या धरणाचा रोजचा येवा पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतो, जुने आकडे पाटबंधारे कार्यालयात मागून मिळतात. १ जूनपासून रोजची बेरीज करत जायला सांगा. वर्षाच्या एकूण येव्याच्या निम्म्यावर बेरीज ज्या दिवशी पोचते, ती तारीख वहीत लिहायची. वीस-पंचवीस वर्षांच्या तारखा मिळाल्या तर आलेख कागदावर काढा, आडव्या अक्षावर साल, उभ्यावर तारीख. दुसऱ्या रंगाने हेही मांडा की निम्मं पाणी किती दिवसांत आलं, चाळीस की सात. ज्या वर्षाच्या नोंदी तुटलेल्या असतील तिथे कागदावर रिकामी जागा ठेवायला सांगा, अंदाजाने बिंदू टाकू देऊ नका.